म्हातारीच्या नावावर

मेहरुन्निसाभाभी आरोग्य खात्याची आशाताई झाल्यापासून हुपरीजवळच्या त्या वाडीत खोकायचीसुद्धा चोरी झाली. बाईच्या कानावर खोकला पडला की बेडक्याची डबी हातात देऊनच ती हलणार! तोंडाची फटकळ, पण माणसांसाठी जीव टाकणारी. सरकारी दवाखान्यात टीबी तपासायचं मशीन आलं, तास-दोन तासांत निकाल सांगणारं. आणि दर तपासणीला आत घालायच्या नव्या चिपा नाहीत म्हणून कापड पांघरून बसलं. तिनं थेट साहेबालाच विचारलं, "मशीनची पूजा घालू व्हय?" मग कुठं मूठभर चिपा आल्या.

त्यातली एक वाडीतल्या आकारामच्या आईला, बाळाबाईला, तपासायला लागली. निकाल टीबीचा आला. मेहरुन्निसा निरोप घेऊन धावली, तर म्हातारी उंबऱ्यात बसून निवांत पैंजणाला घुंगरं जोडत होती. खोकल्याचा पत्ता नाही. आतल्या खोलीत मात्र आकारामच्या लेकीची, निशिगंधाची, उबळ थांबता थांबेना.

"डबीत थुंकली पोरगी, आणि नाव म्हातारीचं?" तिनं आकारामला धरलं.

"लगीन ठरलंय, भाभी," आकाराम पुटपुटला. "टीबी कळला तर पावणं फिरतील की. आईच्या नावाच्या गोळ्या पोरीला दिल्या असत्या."

"म्हातारीचं वजन बघून दिल्याल्या गोळ्या पोरीला? आणि पोरगी बिघडली म्हंजे डॉक्टरपुढं कुणाला उभी करणार, म्हातारीला? अरं, बाप हाईस का कोण हाईस!"

तिनं निशिगंधाचं मनगट धरलं आणि तडक दवाखाना गाठला. खऱ्या नावानं पुन्हा तपासा म्हणाली.

"चिपा संपल्या," तपासणारा म्हणाला. "कधी येतील सांगता येत न्हाय."

मेहरुन्निसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोट्या नावाला चिप मिळाली आणि खरी पोरगी दारात खोकत उभी! आकारामचा राग होताच, त्या पावण्यांचाही होता. पण सगळ्यात जास्त राग होता मशीन धाडून चिपा विसरणाऱ्यांचा. "मुडदा बशिवला तुमचा!" ती ओरडली, आणि पोरीला मोठ्या दवाखान्यात तपासायला घेऊन कोल्हापूरच्या एसटीत चढली.

निशिगंधा ओढणी तोंडाला दाबून बसली होती. स्टँडवर उतरल्यावर तिनं हळूच विचारलं, "भाभी, तिथं नाव कुणाचं सांगू?"

मेहरुन्निसानं तिच्या तोंडावरची ओढणी नीट केली.

"तुझं गं बये," ती म्हणाली. "तूच आजारी हाईस न्हवं?"