दातांच्या दवाखान्यात लागलेलं गाणं

भावाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं ताईला खपत नाही. बोलायचंच असेल तर ते तिने बोलायचं! ‘घोगऱ्या’ हे नाव तिनेच ठेवलेलं. वयात येताना पोराचा आवाज फुटला, तो पुन्हा नीट बसलाच नाही. तरी हा पठ्ठ्या गाणार, आणि तेही स्वतः लिहून, स्वतः चाल लावून. सकाळी फरशांच्या दुकानात नमुने दाखवायचे, दुपारनंतर गिटार. अशी अकरा वर्षं गेली. छोटी सभागृहं झाली, कॉफीची दुकानं झाली, एकदा तर चपलांच्या दुकानाचं उद्घाटनही झालं. मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही. पोस्टर चिकटवायला ताई आणि पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायलाही ताईच.

यंदा कुठे पहिला अल्बम तयार झाला. नऊ गाणी, घरातच, भिंतींना रजया लावून रेकॉर्ड केलेली. शेवटचा हात फिरवायला एका रेकॉर्डिस्टकडे दिली, तर त्याने कंप्युटरवर आवाज धुऊन काढला. श्वास पुसले, चिरकलेलं सरळ केलं. “हे दिलंस तरच लोक ऐकतील,” म्हणाला. आणि घोगऱ्याने मान डोलावली!

“अरे, हा तू नाहीसच,” ताई कडाडली.

“तुला काय ताई, मी खोकलो तरी तुला आवडतं. शुक्रवारी अल्बम येतोय, त्यात हाच धुतलेला आवाज जाईल. निदान कुणी हसणार तरी नाही.”

ताईला ते फार लागलं. पण खोकल्याचं खरंच होतं. मग तिला आपला दवाखाना आठवला. दातांच्या डॉक्टरांकडे ती काउंटर सांभाळते. समोर दहा खुर्च्या, कोपऱ्यात स्पीकर. दाढ ठणकणारा माणूस कुणाचं खोटं कौतुक करत नाही, हा तिचा नऊ वर्षांचा अनुभव.

मंगळवारी तिने धुतलेलं गाणं लावलं. भाड्याचं घर सोडून निघालेला माणूस पंखा बंद केला का, हे बघायला जिन्यावरून परत फिरतो, असं ते गाणं. कुणी मान वर केली नाही. एक गृहस्थ “छान आहे हं” म्हणाले आणि लगेच त्यांनी वायफायचा पासवर्ड विचारला.

बुधवारी तिने घरचं, मूळ गाणं लावलं. पंख्याच्या ओळीवर आवाज चिरकला, तशा गाल सुजलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, “अहो, हा गातोय की रडतोय?”

“बाई, घर सोडलंय का कधी?” शेजारचा सुतार बोलला. “मी सात वेळा सोडलंय. तेव्हा आवाज असाच निघतो.”

“मला शिकवू नका! मीही सोडलंय, म्हणूनच सांगते. पंख्यापाशी त्याने घटकाभर थांबायला हवं होतं. उगाच घाई केली.”

झालं, जुंपली! तेवढ्यात डॉक्टरांनी दार उघडून सुताराला हाक मारली. तीन दिवस दाढ धरून बसलेला तो माणूस, पण त्याने हात वर केला. “थांबा हो डॉक्टर, संपू दे.” मग डॉक्टरांनी बाईंचा नंबर पुकारला, तर त्याही जागच्या हलल्या नाहीत.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “साठीचा असेल नाही गाणारा?” आणि ताईला राहवेना.

“साठी कसली! चौतीस वर्षांचा आहे. धाकटा भाऊ आहे माझा!” रुग्णांना सतत ‘हळू बोला’ म्हणणारी ताई अशी ओरडली, की डॉक्टरसुद्धा दचकले.

तिने तिथल्या तिथे भावाला फोन लावला. फोन सरळ मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात दिला.

“कोण, गाणारा का?” बाई सुजल्या गालाने म्हणाल्या. “तुझ्या गाण्यावरून इथे भांडणं लागलीयेत. पंख्यापाशी जरा थांबत जा. बाकी आवाजाला हात लावशील तर याद राख.”

पलीकडून घोगऱ्याने अगदी शाळेतल्या पोरासारखं विचारलं, “म्हणजे बाई, तुम्ही पूर्ण ऐकलंत?”

“अरे, नंबर गेला माझा त्यापायी!”