पडवीत ठेवायची वस्तू

माझ्या दुकानाच्या काचेच्या दारावर तीन चित्रं चिकटवलेली आहेत. पहिलं सिगारेटचं, दुसरं मांजराचं आणि तिसरं पिस्तुलाचं. तिन्हींवर लाल फुली. पहिल्या दोघांबद्दल कोणी विचारत नाही. तिसरं पाहून मात्र गिऱ्हाइकं हसतात. एका पुणेकर बँकवाल्यांनी मला विचारलं होतं, "अहो, घावणे खायला बंदूक घेऊन कोण येणार आहे?" मी म्हटलं, "येतो एक जण."

दुकान म्हणजे बहरीनमधल्या उम्म अल हस्समच्या एका गल्लीत सहा टेबलांची जागा. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला कोल्ड स्टोअर, म्हणजे इथलं किराण्याचं दुकान. मी रत्नागिरी जिल्ह्यातली, त्यामुळे माझ्याकडे घावणे, तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण आणि कोंबडीचा रस्सा मिळतो. पनीर मिळत नाही, आणि का मिळत नाही असं विचारलेलं मला आवडत नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. नवऱ्याची इंजिनिअरची नोकरी आहे आणि तो स्वभावाने गरीब आहे, म्हणून आमचं जमतं.

जागा एका बहरीनी म्हाताऱ्यांची. सगळे त्यांना हाजी म्हणतात, मीही म्हणते. त्यांचा पुतण्या माझ्याकडे दुपारचा जेवायला यायचा. तिशीतला, शांत, हिंदी बरी बोलणारा. घावणे आणि रस्सा त्याने पहिल्या दिवशी नुसता चाखायला घेतला आणि मग कायमचाच धरला. एका दुपारी कुणाच्या तरी मुलीचा चमचा खाली पडला. तो उचलायला हा वाकला, सदरा वर गेला आणि मला त्याच्या कमरेची बंदूक दिसली. तव्यावरचं घावण जळलं, माझं लक्षच गेलं नाही.

भीती वाटली, हे सरळच सांगते. पण ती त्या माणसाची नव्हती.

आमच्या घरी बंदूक होती. कोकणात पुष्कळांकडे असते. डुकरं भात लोळवतात, माकडं नारळ टिकू देत नाहीत, म्हणून शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळतो. बाबांची बंदूक ठासणीची होती. नळीतून दारू आणि छर्रे ठासायचे, मागे ठिणगी पाडणारी केप बसवायची आणि चाप ओढायचा. ठासलेली बंदूक रिकामी करणं कटकटीचं काम. एका सकाळी डुक्कर आलंच नाही, म्हणून बाबांनी ती तशीच घरी आणली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी केली आणि चहा मागितला. बंदूक घसरून पडली आणि बार उडाला. छर्रे कौलं फोडून गेले. कोणाला काही लागलं नाही. आई चुलीपाशी बसली होती आणि बार तिच्या डाव्या कानाशी झाला होता. तो कान तेव्हापासून गेला. आम्ही भावंडं आईच्या उजव्या हाताला बसायला शिकलो ते कोणी शिकवल्याशिवाय. आजही घरात नवी सून आली की दोन दिवसांत तिला ते कळतं.

त्यानंतर आईने नियम केला: बंदूक पडवीच्या आत येणार नाही. बाबांची नाही, चुलत्यांची नाही, कोणाचीच नाही. एकदा आईचे मामेभाऊ, जे पोलिसात होते, ड्युटीवरून परस्पर जेवायला आले. त्यांना वाटलं, आपण सरकारी माणूस, आपल्याला कोण अडवतंय. आई म्हणाली, "बंदूक सरकारची असेल, चूल माझी आहे." मामा पडवीत जेवले.

तर मला ते सगळं आठवलं. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्याला परवाना असेल. आणि तो हाजींचा पुतण्या आहे. सप्टेंबरात भाडेकरार संपतोय, हे तुझ्या लक्षात आहे ना?" माझ्या लक्षात होतं. दुकानात मी माझी पाच वर्षं घातली होती. करार झाला नाही, तर तेवढ्या भाड्यात दुसरी जागा मिळणार नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी जिदहफ्सच्या एका छपाईवाल्याकडे जाऊन मी ते तिसरं चित्र करून आणलं.

पुतण्या आला, चित्र पाहिलं, हसला आणि आत येऊन नेहमीच्या खुर्चीवर बसला. ते इतरांसाठी असावं, असं त्याला वाटलं. मी जाऊन उभी राहिले.

"भाई, वो बाहर रखना पडेगा."

"सिस्टर, मेरे को परमिशन है."

"परमिशन तुम्हारा है, दुकान मेरा है."

त्याला राग आला नाही, याचा मला जास्त त्रास झाला. तो म्हणाला, साध्या कपड्यातला पोलीस आहे, नोकरीचा नियम आहे, गाडीत ठेवून जाता येत नाही. मी म्हटलं, माझ्या गल्ल्याचं कपाट आहे, कुलूप लावते. तो म्हणाला, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, मफी, म्हणजे नाहीच. मी म्हटलं, मग पार्सल नेता का. त्याने तोंड वाकडं केलं. पार्सलात घावणाचा लगदा होतो, हे मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं.

शेवटी मी एक टेबल आणि एक खुर्ची दाराबाहेर, शिंप्याच्या पाटीच्या जेमतेम सावलीत मांडली. तो गुपचूप तिथे जाऊन बसला. मी ताट नेऊन दिलं आणि आत आले. मनात म्हटलं, झालं, ही माझी पडवी.

तो दर एक-दोन दिवसांनी येतच राहिला. जून गेला, जुलै गेला. बाहेर लोखंडाला हात लावला तर चटका बसे, आणि हा तिथे बसून गरम रस्सा खाई. शिंपी मला विचारी, "मॅडम, इसने क्या किया?" कोल्ड स्टोअरवाला त्याला आपणहून थंड पाणी नेऊन देई आणि माझ्याकडे बघे. मी म्हणायची, उन्हात बसायला मी सांगितलं नाही, बंदूक बाहेर ठेवायला सांगितलं. बरोबरच होतं ते. पण बरोबर असूनही मला रोज दुपारी वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की मी आणखी चिडायची.

मग हाजींचा फोन आला. आवाज मऊ होता. "ऐकतोय की माझ्या पुतण्याला तू रस्त्यावर जेवायला बसवतेस. जागा माझी आहे, ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, "हाजी, जागा तुमची, पण आतली चूल माझी." ते म्हणाले, "सप्टेंबरात बोलू, इंशाल्ला." फोन ठेवून मी करारावरची तारीख पुन्हा पाहिली. आईचं वाक्य आईला शोभलं होतं, कारण तिचं घर तिचं होतं. दुकान बंद करताना मी उलथन्याच्या कडेने त्या चित्राचा एक कोपरा उचकटला. तेवढ्यात नवरा गाडी घेऊन आला. मी कोपरा परत दाबून बसवला. तो अजून नीट चिकटलेला नाही.

भाताची लावणी उरकून ऑगस्टमध्ये आई आमच्याकडे आली. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला घरी करमेना, म्हणून दुकानात आणून बसवलं. डावी बाजू भिंतीकडे करून ती लसूण सोलत बसे आणि माझ्या घावणांना जाळी पडत नाही म्हणून मला ऐकवत असे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी पुतण्या आला आणि बाहेर बसला. आईने काचेतून पाहिलं.

"तो कोण गो? उन्हात कशाला बसवलायस त्याला?"

मी तिच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, शाब्बास. तिच्याच पावलावर पाऊल टाकलं होतं की मी.

आईने लसणाचं ताट खाली ठेवलं. "आणि एकटाच जेवतोय?"

"मग काय करू?"

"बंदूक भायेर ठेवायची गो, माणूस नाय. तुझा मामा पडवीत जेवला, तेव्हा बाबांचं पान कुठे होतं? माझं कुठे होतं? सगळ्यांची पानं पडवीतच मांडली होती मी. विसरलीस?"

विसरले नव्हते. मला ते कधी नियमातलं वाटलंच नव्हतं. मामा आले म्हणून सगळे बाहेर जेवायला बसले, मज्जा आली, एवढंच मुलांच्या लक्षात राहिलं होतं.

आई स्वतःसाठी दोन घावणे वाढून घेऊन बाहेर गेली. पुतण्या ताडकन उठून उभा राहिला. तिने हाताने खूण करून त्याला बसवलं, आतून एक खुर्ची ओढली आणि त्याच्या उजव्या बाजूला, अगदी कमरेच्या बंदुकीलगत बसली. म्हणजे तिचा गेलेला कान त्याच्याकडे. मला वाटलं, टेबल लहान आहे, जागा झाली नसेल. तो तिच्याशी हिंदीत बोलत होता आणि ती भलत्याच ठिकाणी मान हलवत होती. घामाने तिची पाठ भिजली. त्याने भराभर जेवण संपवलं, म्हातारीने आत जावं म्हणून. ती काही उठली नाही. त्याचा चहा होईपर्यंत बसली.

पुढच्या खेपेलाही तेच. तेव्हा त्याने मला विचारलं, "अम्मा जवाब क्यों नहीं देती?" मी त्याला सांगितलं, तिला त्या बाजूने ऐकू येत नाही, आणि का येत नाही तेही सांगितलं. त्याने आईकडे पाहिलं, मग सदरा खाली ओढून बंदूक झाकली, जशी काही ती आत्ताच सर्वांना दिसली. उरलेलं घावण त्याने खाल्लं नाही.

त्यानंतर आठवडाभर तो आला नाही. नवरा म्हणाला, "झालं, आता करार विसर." मीही मनातून विसरलेच होते. कुठल्या खुर्च्या विकायच्या, इथपर्यंत माझी मजल गेली होती. मग एका दुपारी, जेवणाची वेळ टळल्यावर, तो दारात उभा राहिला, दोन्ही हातांनी कंबर चापपली आणि म्हणाला, "खलास. ऑफिस में जमा करके आया. लेट हो गया. घावणे हैं क्या?" तो आत येऊन आईच्या शेजारी बसला. यावेळी आईने खुर्ची फिरवून त्याला आपल्या उजव्या हाताला घेतलं. त्याने काहीतरी विनोद केला आणि ती बरोबर ठिकाणी हसली.

हाजी सप्टेंबरात आले. आत न येता बाहेरच्या टेबलावरच बसले. मी म्हटलं, "तुमच्याकडे बंदूक नाही, आत या." ते म्हणाले, "पुतण्या सांगतो, बाहेर बसलं की घरची माणसं सोबत जेवतात." मग मी दोन ताटं घेऊन बाहेर गेले. मी मागितलेला तीन वर्षांचा करार न देता त्यांनी एकाच वर्षाचा केला. चित्राबद्दल ना त्यांनी काही म्हटलं, ना मी. हल्ली कधी पुतण्याला ड्युटीवरून परस्पर यावं लागलं तर तो बाहेर बसतो आणि मी तव्यावर माझ्या मदतनीस बाईला उभं करून त्याच्याबरोबर बसते. शिंप्याकडून वायर घेऊन तिथे पंखाही लावला आहे.

आई परत जायच्या आदल्या दिवशी मी तिची बॅग भरत होते. तेव्हा विचारलं, "तू त्याच्या त्या बाजूला का बसायचीस? तुला त्याचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं."

ती साडीच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "भीती वाटायची गो. म्हटलं, उडालाच बार, तर गेलेल्या कानाशी उडू दे. दुसरा मला अजून लागतोय."

मग तिने मला विचारलं की येताना आणलेल्या लोणच्याची रिकामी बरणी न्यायची की इथेच ठेवायची. मी म्हटलं, ने.