टाचणीबाई अर्पण ठेवून गेल्या

रविवारच्या शाळेतली मुलं त्यांना टाचणीबाई म्हणत. एक तर शिवणकामामुळे त्यांच्या गळपट्टीला कायम चार-पाच टाचण्या टोचलेल्या असत, आणि दुसरं म्हणजे बोलणंही त्याच जातीचं. सहा दिवस शिलाई मशीन, सातव्या दिवशी चर्चमागच्या खोलीत पंधरा मुलं, हा त्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता. दोघांत मशीन जास्त ऐकतं, असं त्या पाळकसाहेबांना सांगत.

घरात बहिणी दोघीच. वरच्या खोलीत थोरली कापड बेतायची, खाली टाचणीबाई शिवायच्या. दोघींच्या कामाला गावात तोड नव्हती आणि दोघींच्या अबोल्यालाही. सात वर्षांत एक शब्द नाही. धंदा मात्र सुरळीत, कारण थोरली सांगायचं ते कापडावरच खडूने लिहून पाठवी. बाही सैल ठेव. कड दोन बोटं दुमड. गिऱ्हाईक सुटलंय, शिवणीत माया सोड. टाचणीबाई वाचत, तसं शिवत आणि खडू झटकून टाकत. खडूत न मावणारं आल्यागेल्याच्या तोंडी जाई. झग्याचं माप द्यायला आलेली दोन वेण्यांची मुलगी एकदा पाऊण तास जिन्यावर वरखाली करत होती. खालून निरोप, अस्तर संपलंय. वरून निरोप, डोळे आहेत मला. माप राहिलं ते राहिलंच.

कारण आईचं. आई खालच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती, तेव्हा लग्नाच्या झग्याचं एक घाईचं काम आलं. थोरली नको म्हणत होती. ती बाजारात गेल्याचं बघून टाचणीबाईंनी ते परस्पर घेतलं. गिऱ्हाईक जुनं, नाही म्हणवेना; थोरलीला मात्र सांगितलं, की गिऱ्हाईकच कापड टाकून गेलं. थोरली चरफडत वर बेतायला बसली आणि त्याच दुपारी आई गेली. भेटायला आलेल्या दहा माणसांत टाचणीबाई बोलून गेल्या, की आईचा जीव जात होता आणि ही वर कात्री चालवत होती. घाईत वरून तशीच हातात आलेली कात्री थोरलीने खाली ठेवली, ती जिना चढून गेली, आणि तोंडाला कुलूप.

टाचणीबाईंनी तिला केव्हाच माफ केलं होतं. दरवर्षी नव्याने करत. आता थोरलीने खाली उतरून यावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

अशा बाईंकडे दरवर्षी समेटाचा धडा येई. दिव्याखाली अंधार हे मुलांनाही ठाऊक होतं, पण टाचणीच्या भीतीने कोणी बोलत नसे. या वर्षी त्यांनी मुलांना एकेक चित्र काढून आणायला सांगितलं होतं. धडा झाला की ते अर्पण म्हणून टेबलावर ठेवायचं. स्वतः त्यांनी चर्चच्या वेदीसाठी पांढरं वस्त्र आणलं होतं. बेतलं थोरलीने, शिवलं यांनी.

मग त्यांनी येशूने सांगितलेली गोष्ट सांगितली, नेहमी सांगत तशीच. एक माणूस वेदीपाशी अर्पण घेऊन जातो, तिथे त्याला भावाचं भांडण आठवतं, तो अर्पण तसंच ठेवून भावाकडे जातो, त्याला मोठ्या मनाने माफ करतो आणि परत येतो. आता हेच बायबलात वाच, असं त्यांनी दोन वेण्यांच्या मुलीला सांगितलं. तिने वाचलं, थांबली, बोट ठेवून पुन्हा वाचलं.

“बाई, इथं उलटं आहे,” ती म्हणाली. “भावाच्या मनात ह्याच्याविषयी काहीतरी आहे, असं आहे. म्हणजे माफी ह्यानेच मागायचीय ना?”

टाचणीबाईंनी पुस्तक घेतलं. चष्मा चढवला, काढला, पुसला. बावीस वर्षं त्या हा धडा पाठ म्हणत आल्या होत्या. वाचला शेवटचा कधी, ते आठवेना.

“हो,” त्या म्हणाल्या. “त्यानेच.”

“मग आधी जायचं की आधी ठेवायचं?”

यावर एरवी टाचणी टोचली असती. पण टाचणीबाई हातातल्या वस्त्राकडे बघत होत्या. कडेला एक खडूची रेघ झटकायची राहिली होती. त्यांनी वस्त्राची घडी टेबलावर ठेवली, कोणी जागचं हलायचं नाही असं बजावलं आणि भर तासात चालू लागल्या.

घराच्या जिन्याला अकरा पायऱ्या. सातवीवर त्यांना परत फिरावंसं वाटलं. अकरावीवर धाप लागल्यामुळे फिरता आलं नाही. थोरली मोठ्या टेबलावर पडद्याचं कापड पसरून उभी होती. पलीकडचं टोक सरकू नये म्हणून त्यावर लोखंडी इस्त्री ठेवलेली. पूर्वी ते टोक टाचणीबाई धरत.

“ते काम मी घेतलं होतं, ताई,” त्या दारातूनच म्हणाल्या. “तू नको म्हणत असताना. आणि वर सगळ्यांसमोर तुलाच बोलले. माझं चुकलं.”

थोरलीची कात्री चालतच राहिली, रेघ संपेपर्यंत. अर्ध्या रेघेत थांबलं की काप वाकडा जातो.

“मापाच्या चिठ्ठीवर अक्षर तुझंच होतं,” ती म्हणाली. “ते मला त्याच दिवशी माहीत होतं. तू कधी बोलतेस, तेवढंच बघत होते.” आणि मग, “सात वर्षं लावलीस. हाताला तर घाई भारी तुझ्या.”

टाचणीबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

“ती इस्त्री उचल,” थोरली म्हणाली. “टोक धर. ताण देऊ नकोस, नुसतं धर.”

टाचणीबाईंनी धरलं.

वर्ग सुटायच्या बेताला त्या परतल्या, तेव्हा पाळकसाहेब मुलांपुढे गोंधळून उभे होते. बाई कुठे आहेत, असं विचारल्यावर त्यांना एकच उत्तर मिळालं होतं, की बाई अर्पण ठेवून गेल्यात, येतील. टेबलावर ते वस्त्र तेवढं होतं. चित्र एकाचंही नाही. पंधराच्या पंधरा जण आपापलं चित्र छातीशी धरून, आधी कोणाकडे जायचं याची दबक्या आवाजात चर्चा करत होते.