चाओकाकांची शिकवणी

गॅसवर दूध, मशीनमध्ये कपडे, आणि चाओकाका खिडकीशी मोज्यांच्या जोड्या लावत बसलेले. सुनेने त्यांना नेमून दिलेलं हे एकच काम. तेही ते इतक्या निवांतपणे करत, की तोवर पुढचे मोजे धुवायला पडत.

दार वाजलं.

“बाबा, बघता का? मी हलले तर दूध गेलंच!”

दारात वरच्या मजल्यावरची नर्स उभी होती. रात्रपाळीचा गणवेश अजून अंगावर, डोळे तारवटलेले. “काका, तासाभरात माझी फोनवर मुलाखत आहे. तुम्ही परदेशात होतात ना, तिथेच एका आजींना सांभाळायचं काम. इंग्रजीवर भागेल असं वाटलं होतं, पण आजींना इटालियनशिवाय काही कळत नाही म्हणे!”

काकांनी हातातला मोजा खाली ठेवला. तरुणपणी ते तिकडे एका अंथरुणाला खिळलेल्या व्यापाऱ्याची शुश्रूषा करायला होते. परतल्यावर ती भाषा बोलायला कोणी उरलं नाही. एक ‘चाओ’ तेवढं तोंडात राहिलं. येणाऱ्यालाही चाओ, जाणाऱ्यालाही चाओ. म्हणून गल्लीने त्यांचं हे नाव पाडलं.

“दवाखान्यात रोज बोलतेस ती वाक्यं सांग.”

“टेक युअर टाइम.”

“कोण म्हणतंय? कुणाला? कुठे?”

“म्हणजे?”

“गिऱ्हाईक साडी निवडतंय, की म्हातारी जिना चढतेय? सुटं वाक्य मी सांगत नाही बाई.” एवढं बोलून काका सुनेची शाल पांघरून सोफ्यावर आडवे झाले आणि आजी होऊन कण्हू लागले.

“मी विचारलं तर नुसतं ‘हूं’,” सून आतून म्हणाली, “आणि आता नाटकं बघा!”

नर्सने टेबलावरचा रिकामा कप औषधासारखा पुढे करत, फोनवरच्या भाषांतरातून पाठ केलेलं शब्दशः इटालियन वाक्य म्हटलं.

“कळेल त्यांना, पण परकं वाटेल. ‘कोन काल्मा’ म्हण. सावकाश होऊ दे. आणि म्हणताना घड्याळाकडे बघू नकोस. आत्ता बघितलंस.”

“बरं. आय विल बी राइट बॅक?”

“‘तोर्नो सूबितो’. पण दारातून ओरडायचं नाही हं. तिकडचे दुकानदार हीच पाटी लावून तासभर गायब होतात. हात हातात घेऊन सांग, आणि खरंच लगेच ये.”

“डोन्ट वरी?”

“‘स्तीआ त्रांक्विल्ला’. निश्चिंत राहा.”

“हे मला कोण म्हणेल हो तिथे?” नर्स हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. काका शाल सावरत उठून बसले.

तासाभराने नर्सच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आजी आणि त्यांची लेक. काका फोनच्या नजरेआड खाली बसले. लेक इंग्रजीत काही विचारत होती, इतक्यात आजी स्वेटरचं बटण लावू लागल्या. बोटं ऐकेनात. लेकीने ओशाळून घाईने हात पुढे केला.

“कोन काल्मा, सिन्योरा,” नर्स म्हणाली आणि गप्प थांबली. लेकीचा हात मागे गेला. किती तरी वेळाने बटण लागलं. आजींनी ते ऐटीत दाखवलं.

“ब्रावा!” काकांच्या तोंडून शाबासकी सुटली.

सुनेने कपाळावर हात मारला. “बाबा! घालवलंत ना सगळं!”

कोण आहे ते, असं लेकीने विचारल्यावर काकांना शालीसकट पुढे यावं लागलं. त्यांना बघून आजी खुदकन हसल्या. लेकीने थोडी चौकशी केली आणि म्हणाली, “पुढच्या महिन्यात येऊ दे हिला. तुमचं काही म्हणणं?”

नर्सने नाही म्हणून मान हलवली. काकांचं मात्र होतं. त्या व्यापाऱ्याचं घर भलं होतं, काकांना कशाची कमी नव्हती. पण जेवणाच्या वेळी घरचे सगळे बाहेर टेबलावर बसत, आणि काकांचं ताट आत स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. भिंतीपलीकडचं हसणंबोलणं ऐकत ऐकतच ते ही भाषा शिकले होते.

एकेक शब्द जुळवत ते इटालियनमध्ये म्हणाले, “जेवायला हिला तुमच्याबरोबर टेबलावर बसवा.”