पहिला अर्धा तास

ये वं, अशी जवळ बस. अन् आल्या आल्या आमच्या लिनक्सच्या मंडळाले ‘मावशीचा कॉम्प्युटर क्लास’ म्हणून हसत जाऊ नको. क्लास नव्हे तो. लिनक्स म्हणजे जुन्या डबडा कॉम्प्युटरवरही चालते अशी फुकटची सिस्टम. ती वापरणारे आम्ही महिन्यातून एका रविवारी सक्करदऱ्याले जमायचो, एकमेकांले शिकवायचो. मी तशीच तर शिकली, साठीनंतर, ह्याले विचार, त्याले विचार करत.

भाषणं ठरवायचं काम माझ्याकडे. पहिला अर्धा तास नवख्यांचा, मग पक्क्यांसाठी तांत्रिक. पण तो अर्धा तास घ्यायले कोणी तयारच होत नव्हतं. ज्याले म्हणावं तो म्हणे, “काकू, मले सर्व्हरचं द्या ना. सोपं काय सांगायचं?” शेवटी एकाले गळ घातली. तोही अटीवर आला : नवख्यांचं अन् तांत्रिक, दोन्ही भाषणं त्याचीच.

त्या रविवारी हुडकेश्वरहून एक बाई आली, लेकाचा जुना लॅपटॉप पिशवीत घेऊन. किती महिन्यांनी नवं माणूस! मी तिले पुढची खुर्ची दिली. वक्त्यानं सगळ्यांवर नजर फिरवली अन् म्हणाला, “लिनक्स म्हणजे काय, हे तर सर्वांले माहीतच आहे ना?”

सगळ्यांच्या माना हलल्या. त्या बाईचीही हलली. नाही म्हणायची लाज वाटली असंल बिचारीले. झालं, गडी थेट सर्व्हरवर!

मी मधातच बोलली, “अगा थांब, ह्या नव्या आहेत.”

तर बाईच घाईघाईनं म्हणे, “नाही नाही, चालू द्या. समजून राहिलं मले.”

समजते कुठचं! लॅपटॉप पिशवीतून निघालाच नाही. चहा आला तेव्हा खुर्ची रिकामी होती.

“काकू, त्यांनीच तर हो म्हटलं,” वक्ता म्हणाला.

मग ठरलं, नवखे टिकतच नाहीत तर त्यांचा अर्धा तास काहून ठेवायचा? मी एकटीच नको म्हणत राहिली. उरलो चार-पाच जण. सगळ्यांले सगळं येते, कोणी कोणाले काही विचारत नाही. त्यातले दोघं नोकरीसाठी पुण्याले गेले. गेल्या महिन्यात तर कोणी जमलंच नाही. मी भाषणं ठरवायले बसते अन् तशीच उठते. आता मले काही अडलं तर कोणाले विचारू, सांग?

निघालीस? बरं. पण पुढच्या खेपेले सवडीनं ये वं, अन् लवकर ये. रविवारी दुपारी आता मी घरीच असते.