दिगंबर सरांच्या हाताखाली

देवगाव फाट्यावर मी वडिलांबरोबर एसटीतून उतरले, तेव्हा मला नुकतीच एकोणीस वर्षे पूर्ण झाली होती. आमचे गाव चारठाण्याजवळचे. हातात पत्र्याची पेटी घेऊन आम्ही निवासी प्रशिक्षण केंद्रापर्यंत पायी गेलो. प्रवेशाच्या टेबलापाशी त्या दिवशी दिगंबर सर बसले होते. माझे नाव ऐकून वर न बघताच त्यांनी विचारले, "शिवणकाम ना?"

"न्हाई सर. मोटार वाइंडिंग."

सरांनी चष्मा काढला. "पोरी, त्या कामाला मुली न्हाईत आपल्याकडं. मोटारीला वजन लय असतंय. झेपायचं न्हाई."

अनोळखी ठिकाणी वडील सहसा तोंड उघडत नाहीत, पण ते म्हणाले, "सर, हिनं दोन हंगाम उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकात चढवल्यात."

सरांनी स्वतःच्या वर्गाची वही ओढली आणि माझे नाव लिहिले.

आज सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी अनेक जाणकार लिहितील. मी आता त्यांच्याच वर्कशॉपमध्ये शिकवते, तेवढ्याच अधिकाराने चार शब्द लिहिते आहे.

सर मूळचे झरीचे. परभणीत त्यांचे विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचे चांगले चालते दुकान होते. ते मुलाकडे सोपवून सर आणि त्यांच्या पत्नी मालनकाकू केंद्राच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायला आले. ऊसतोड करणाऱ्यांच्या, मेंढपाळांच्या घरातली आमच्यासारखी मुले-मुली सहा महिने इथे राहतात, जेवतात, शिकतात. त्यांच्या शेजारी राहिल्याशिवाय त्यांना शिकवता येणार नाही, असे सरांचे म्हणणे.

वाइंडिंग म्हणजे मोटारीतली जळकी तार काढून नवी भरायची. पण जळलेली मोटार समोर आली की लगेच तार कापलेली सरांना खपत नसे. आधी जुने वेढे मोजायचे, वहीत आकृती काढायची, मग कापायचे. एकदा मी घाईत मोजणी अर्धी टाकून तार कापली. सर रागावले नाहीत. माझ्या शेजारी बसून त्यांनी ते तुटके तुकडे एकेक करून मोजायला घेतले. दोघांचेही जेवण राहिले. शेवटी काकू भाकरी घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या आणि सरांनाच बोलल्या, "पोरीला उपाशी ठिवून काय मोजायलाव?"

चौथ्या महिन्यात, दसरा झाल्यावर, वडील मला न्यायला आले. आईची कंबर धरली होती. तिला वाकताही येत नव्हते. ऊसतोडीची टोळी निघायच्या बेतात होती आणि वडिलांना तोडीला जोडीदार हवा होता. "यंदा हिला न्यावंच लागतंय सर," एवढेच ते म्हणाले. मी पेटी भरली.

सरांनी अडवले नाही. "न्यायचं तर न्या, पाव्हणे. पर हिनं भरलेली मोटार आज चालू करायची हाय. तेवढी बघून जावा."

ती मी एकटीने भरलेली पहिली मोटार होती. सगळा वर्ग गोळा झाला. मी स्विच दाबला. मोटार नुसती घुमली, फिरलीच नाही. सरांनी झटकन वीज बंद केली. मागे कुणीतरी हसले. वडिलांनी मान खाली घालून पेटी उचलली.

सरांनी मोटार उघडली, एकेक जोड तपासला आणि माझी वही मागून घेतली. जोडणीची आकृती आदल्या दिवशी त्यांनीच तिच्यात पेन्सिलीने काढून दिली होती. ती त्यांनी दोनदा बोट फिरवून पाहिली.

"पाव्हणे, पेटी खाली ठिवा," सर म्हणाले. मग वर्गाकडे वळले. "ही आकृती माझ्या हातची हाय. एका फेजची टोकं मीच उलटी काढून दिली. हिनं दाखवलं तसं बराबर जोडलं. चूक माझी हाय, पोरीची न्हाई."

मी टोके सोडवली आणि सुलट जोडली. या खेपेला मोटारीने वेग घेतला आणि ती एका लयीत फिरू लागली. वडील जवळ येऊन तिच्याकडे बघत उभे राहिले.

"मुकादम बी चुकतो, सर," ते हळूच म्हणाले. "पर चारचौघांत असं म्हणलेला माणूस मी बघितला न्हाई."

आईचा प्रश्न राहिलाच होता. तो काकूंनी सोडवला. "तिला हितं आणा. माझ्यापाशी ऱ्हाईल." आई सरांच्या दोन खोल्यांत तीन महिने राहिली. काकू तिला दवाखान्यात नेत, तिची कंबर शेकत. वडील त्या वर्षी टोळीबरोबर गेले नाहीत. मिळेल ती मजुरी त्यांनी केली. तो हंगाम आम्हाला जड गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण माझे शिक्षण पूर्ण झाले.

मला वाचवण्यासाठी सरांनी दोष अंगावर घेतला असेल, अशी शंका पुढे कितीतरी वर्षे मला छळत होती. वही काढून मी ती आकृती अनेकदा तपासली. टोके खरोखर उलटीच आहेत. तरीही परवा सरांना विचारलेच. ते हसले. "खोटं बोलून शाबासकी देणं मला जमत न्हाई. चुकलो हुतो, म्हणून बोललो."

"ग्रंथात लिहू का हे?"

"लिही की. नवी पोरं वाचतील."

अलीकडे सरांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी चालायला सांगितले आहे आणि सर ते टाळतात. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या आहेत. रोज एक जण त्यांना कालव्यापर्यंत फिरवून आणतो. वाटेत सर त्याच्या घरची सगळी विचारपूस करतात. त्यामुळे पाळीसाठी मुलांमध्ये भांडणे होतात.

सर, पाळ्यांचा तक्ता आम्ही भिंतीवर लावला आहे आणि त्याला शेवटची तारीख घातलेली नाही. तुमचे आणि काकूंचे पाय पुढची कितीतरी वर्षे असेच चालते राहोत, प्रकृती ठणठणीत राहो. उद्या माझी पाळी आहे. साडेपाचला तयार राहा.