अर्ध्या कोकरांना द्यायची पावडर

आमच्या कोलशेतच्या ऑफिसात पावडर सगळीकडे बसते. टेबलावर, कीबोर्डवर, डब्याच्या झाकणावर. किस्सेही तसेच साचतात. आज झटकले तरी उद्या नवे हजर! संध्याकाळी ठाकुर्लीला घरी गेले की नवऱ्याला सांगते. तो सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "म्हणजे नक्की झालं काय?" ते मलाही कळलेलं नसतं.

आम्ही जनावरांसाठी खनिजांची मिश्रणं बनवतो. गाईम्हशींचा माल छान खपतो. मागल्या वर्षी देशपांडे सरांनी कोकरांसाठी नवं मिश्रण काढलं. जस्त, कोबाल्ट, सेलेनियम, सगळं चिमूट चिमूट. त्यासाठी शीतल कांबळेला घेतलं. कोपरची मुलगी, घरातली पहिली डॉक्टर, तीही जनावरांची, पहिलीच नोकरी. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वर्षभरात कोकरांच्या वजनात फरक दाखवा. नाही दिसला तर हा विभाग बंद करावा लागेल."

विभाग म्हणजे ती एकटीच.

*

पहिला गोंधळ पिशवीचा. डोंबिवलीच्या डिझायनरने चित्र पाठवलं आणि आम्ही सगळ्यांनी "किती क्यूट" म्हणत पास केलं. शीतल म्हणाली, "हे करडू आहे. शेळीचं."

मी पुन्हा पाहिलं. मला तरी ते कोकरूच दिसत होतं.

"शेपूट बघा ना, वर आहे. मेंढीची खाली लोंबते. आणि शेळीच्या मिश्रणात तांबं जास्त असतं, ते मेंढीला बाधतं. लोक चित्र बघून पिशवी उचलतात हो."

मी डिझायनरला फोन लावून सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. शेपूट खाली करून देतो. बाकी फाईल तीच ठेवू."

*

पिशवीवर 'वाढ जास्त, ताण कमी' असं छापलंय आणि खाली हेल्पलाईनचा नंबर. हेल्पलाईन म्हणजे माझ्या टेबलावरचा फोन. एकदा कल्याणहून एका गृहस्थांचा फोन आला.

"मुलगा दहावीला आहे. फार स्ट्रेस घेतो, उंचीही वाढत नाहीये. दुधातून द्यायची की पाण्यातून?"

"काका, ही मेंढीच्या पिल्लांसाठी आहे."

काका म्हणाले, "पिल्लांना कसला स्ट्रेस?"

आता हे मला काय माहीत? मी फोन शीतलकडे दिला. ती बिचारी मनापासून सांगायला लागली. "आईपासून तोडतात, टेम्पोत कोंबतात, उन्हात उभं करतात, रोज नव्या जागी नेतात..."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "मग मला चालेल का? माझी फिरतीची नोकरी आहे."

*

हेच मिश्रण मिठाबरोबर दाबून आम्ही विटाही करतो. गोठ्यात ठेवल्या की जनावरं त्या चाटत बसतात. गोडाऊन सांभाळणाऱ्या भोईरने असा एक ढीग अंगणात लावून ठेवला होता आणि त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीसाठी चौथरा बांधायला गवंडी आलेला. चौथरा झाला, टाकी चढली. मग गावातल्या शेळ्या जमायला लागल्या. सगळ्या चौथऱ्याच्या एकाच अंगाला! टाकी हळूहळू त्या अंगाला कलली, तेव्हा कुठे आम्हाला उजेड पडला.

सरांनी भोईरला जाब विचारला. भोईर म्हणाला, "गवंड्याला वाटलं विटा हायेत. मना वाटलं तुम्हीच सांगलंय."

सर रागवायला गेले, पण शेळ्यांकडे बघत राहिले. "डॉक्टर," ते म्हणाले, "चव जमलीय म्हणायची."

*

हसणं ठीक होतं, पण वर्ष सरत चाललेलं आणि फरक अजून दाखवायचा होता. टिटवाळ्याजवळ एका हौशी बिल्डरची मेंढ्यांची शेड आहे, तिथे ट्रायल ठरली. शेड सांभाळते हौसाबाई, मूळची देशावरची. शीतलने कोकरांचे दोन गट केले. निळ्या खुणेच्या कोकरांना खुराकातून पावडर, लाल खुणेच्यांना नुसता खुराक.

वजनाच्या दिवशी निळी चांगली टुमटुमीत भरली. लालही अगदी तेवढीच! शीतलचा चेहरा उतरला. मला तिचं फार वाईट वाटलं. तिने हौसाबाईला विचारलं, "मावशी, लाल्यांना काय दिलं?"

"त्येच की. निळी खात्यात आन् लाल टकामका बघत्यात. एकाला वाढायचं आन् दुसऱ्याला नुसतं दाखवायचं, मला न्हाई जमत."

शीतलने तिला पुन्हा सगळं समजावलं, अगदी हात जोडून. सरांनी एक शेवटची संधी दिली. नवी कोकरं आली, पुन्हा निळा-लाल झालं. हौसाबाई म्हणाली, "कळलं. लाल्यांना न्हाई द्यायची."

*

या खेपेला सर स्वतः आले. आधी लाल कोकरं काट्यावर चढली. वजन कमी! शीतलने माझा हात घट्ट धरला. मग निळी चढली. त्यांचंही वजन तेवढंच कमी. मागच्या खेपेला सगळी गुबगुबीत, या खेपेला सगळी किडकिडीत.

"हौसाबाई," सर म्हणाले, "निळ्यांना पावडर दिलीत ना?"

"न्हाई."

"का?"

"लाल्यांना द्यायची न्हाई, तुम्हीच म्हणाला. मग निळ्यांनीच काय पुण्य केलंय? कुणालाच न्हाई दिली."

सर खुराकाच्या पोत्यावरच बसले. दोन्ही खेपांची वजनं त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली. "म्हणजे फरक आहे," ते म्हणाले, "की नाही?"

"आहे सर," शीतल म्हणाली. "पण तुम्हाला हवा होता तिथे नाही." तिचा आवाज रडवेला झाला होता.

हौसाबाईने एक बारकं कोकरू काखेत धरलं होतं. ती सरांसमोर येऊन उभी राहिली. "तुमचा फरक तुम्ही बघा. आता सगळ्यांना द्यायची का कुणालाच न्हाई, येवढं सांगा. अर्ध्यांचं मला सांगू नका."

सर उठले. गाडीची डिकी उघडली, पावडरीची एक पिशवी स्वतःच खांद्यावर टाकली आणि शेडमध्ये आणून ठेवली. पांढऱ्या शर्टवर सगळी पावडर सांडली होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "सगळ्यांना किती द्यायची ते यांना सांगा."